आडवं धनुष्य आणि उभा गोंधळ

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत एका रविवारी सकाळी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला भोक पडलं. भोकात एक आखूड काळा बाण रुतला होता आणि त्याच्या कडेने झिरपणारं पाणी भिंतीवरून खाली उतरत होतं. तीन घरं सोडून राहणाऱ्या, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या पोराने ऑनलाइन क्रॉसबो, म्हणजे चाप ओढून सोडायचं आडवं धनुष्य, मागवला होता. गच्चीवर प्लायचा तुकडा उभा करून त्याने पहिलाच बाण सोडला. नेम चुकला असता तर समजू शकलो असतो. नेम बरोबर मधोमध लागला, प्लाय फोडून बाण पलीकडे गेला आणि दुसऱ्याच्या टाकीत शिरला. पोराने आयुष्यात त्याआधी धनुष्य हातात धरलेलं नव्हतं. त्याचे वडील धावत आले आणि म्हणाले, "अहो काका, खेळणं आहे ते. बिलावर तसंच लिहिलंय बघा." बिल खरोखरच 'खेळणी व क्रीडासाहित्य' या नावाचं होतं. खोक्यावर मात्र 150 पौंड असा ताण छापलेला होता.

त्या दिवसापासून गल्लीत दोन तट पडले आहेत. एका तटाचं म्हणणं, असल्या वस्तूंवर सरसकट बंदी घाला, विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला आत टाका. दुसरा तट म्हणतो, आज क्रॉसबो, उद्या खंडेनवमीची तलवार, परवा विळा. हे सगळं सीमाभागातल्या मराठी माणसाला वाकवण्यासाठीच चाललंय. दोन्हीकडचा आवाज मोठा आहे आणि दोघांनीही ती वस्तू नीट पाहिलेली नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. क्रॉसबोवर बंदी नको, पण तो खेळण्यासारखा विकलाही जाऊ नये. कायद्याने त्याचं नाव, परंपरा किंवा बिलावरचा शब्द पाहू नये. दोनच गोष्टी पाहाव्यात: ताणलेली दोरी कोण धरून ठेवतं, आणि सुटलेल्या बाणात जोर किती असतो.

पहिल्या गोष्टीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळा वाद इथे चुकतो. साध्या धनुष्याची दोरी माणूस स्वतःच्या पाठीच्या आणि खांद्याच्या बळावर ओढतो आणि नेम धरेपर्यंत तेच बळ तिला थोपवून धरतं. दहा-बारा सेकंदांत हात कापायला लागतो. हा थरथरणारा हात म्हणजे त्या हत्याराचा लगामच आहे. वर्षानुवर्षं सराव केल्याशिवाय तो सुटत नाही. क्रॉसबोत दोरी एकदा पायाने दाबून, दोन्ही हातांनी किंवा चरकाने ओढली की ती एका खटक्यात अडकते. पुढे माणसाला काहीच धरावं लागत नाही. तो चहा पिऊ शकतो, खिडकीआड अर्धा तास बसू शकतो, बंदुकीसारखा दस्ता खांद्याला लावून चाप ओढू शकतो. ताणण्याची आणि सोडण्याची वेळ वेगळी झाली, आणि त्याबरोबर कौशल्याची गरजही गेली. आमच्या पोराचा पहिला बाण मधोमध लागला त्याचं कारण हेच. त्यात बंदुकीसारखा आवाज नाही, धूर नाही, पुंगळी पडत नाही.

आता कायदा काय म्हणतो? शस्त्र कायदा 1959 चा. त्याच्या व्याख्येत बंदुकांबरोबर 'धारदार व इतर प्राणघातक हत्यारं' येतात. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत, आणि उदाहरण म्हणून 'लाठी' हा आपला शब्द इंग्रजी कायद्यात जसाच्या तसा आहे. ज्या हत्यारांचा खेळण्यापलीकडे कसलाच उपयोग होऊ शकत नाही तीही वगळली आहेत. म्हणजे बिलावर 'खेळणी' लिहिल्याने काहीच साधत नाही. दीडशे पौंडांचं खेळणं टाकी फोडून गेल्यावर तर नाहीच. पण व्याख्येत बसणं वेगळं आणि परवाना लागणं वेगळं. परवान्याची सरसकट सक्ती कलम 3 मध्ये आहे आणि ती बंदुकांना आणि दारूगोळ्याला. बंदूक नसलेल्या शस्त्रांसाठी कलम 4 आहे: केंद्र सरकारला एखाद्या भागातली परिस्थिती पाहून गरज वाटली, तर त्या भागापुरती अधिसूचना काढून ठरावीक प्रकारच्या शस्त्रांना परवाना लागू करता येतो. मूळ किल्ली दिल्लीत आहे. बेळगावच्या डीसींच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या, हातात जे आहे ते तात्पुरतं: नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163, म्हणजे ज्याला आपण अजूनही एकशे चव्वेचाळीस म्हणतो ते. तो आदेश दोन महिने टिकतो, राज्य सरकारने वाढवला तर आणखी सहा. शिवाय पोलीस कायदा आहेच, तलवारी, भाले, काठ्या घेऊन फिरायला काही दिवस मनाई करणारा.

परिणाम असा की आपल्याकडे हत्यारांचा कायदा वर्षभर झोपतो आणि ठरावीक दिवशी उठतो. 1 नोव्हेंबर (सरकारचा राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी माणसाचा काळा दिन) आला, विधिमंडळाचं अधिवेशन इथल्या सुवर्णसौधात भरलं, मिरवणूक निघाली की 'सर्व प्रकारची शस्त्रं बाळगण्यास मनाई' असा फलक लागतो. दोन दिवसांनी फलक उतरतो आणि घरपोच पार्सल पुन्हा सुरू. असल्या मनाईने क्रॉसबो कधी सापडणार? तो मिरवणुकीत मिरवायची वस्तूच नाही. तो गच्चीवर असतो, नाहीतर जंगलात.

इतिहासात थोडं मागे गेलं तर ह्या मोघमपणाची किंमत आपल्या ह्याच मुलखाने मोजलेली दिसते. 1857 साली कंपनी सरकारने निःशस्त्रीकरणाचा कायदा आणला. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांना हत्यारं जमा करायला सांगितलं गेलं. ज्यांचं शिकार, राखण आणि इभ्रत हे सगळंच त्या हत्यारावर, त्यांनी नकार दिला. नोव्हेंबरात फौज गावावर चालून गेली, गाव जाळलं गेलं, म्होरके फासावर गेले. कानडी लावणीतून ती गोष्ट अजून गायली जाते. पुढच्याच वर्षी नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांचं बंड झालं आणि त्यांना आपल्या बेळगावात फाशी दिलं गेलं. तिथेही ठिणग्यांपैकी एक शस्त्रं काढून घेण्याची होती. मग 1878 चा, व्हाइसरॉय लिटनचा शस्त्र कायदा आला. त्याच्या व्याख्येत तलवार, भाल्याबरोबर 'धनुष्य आणि बाण' हे शब्द स्पष्ट लिहिलेले होते, आणि युरोपियनांना मात्र नियमांतून सूट होती. स्वतंत्र देशाने 1959 साली नवी व्याख्या लिहिली तेव्हा धनुष्यबाणाचे ते शब्द राहिले नाहीत. आदिवासींच्या, भिल्लांच्या, बेरडांच्या हातातल्या धनुष्यासाठी कुणाला परवाना मागायला लागू नये, हे मला योग्यच वाटतं. गंमत पुढे आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शस्त्र' ह्या शब्दाखाली धनुष्यबाण पुन्हा नावानिशी आले. म्हणजे रानडुकराच्या संदर्भात धनुष्य हे निःसंशय हत्यार, आणि माणसाच्या संदर्भात अर्थ लावून घ्यायचा विषय. शेजारच्या माणसापेक्षा डुकराला कायद्याची जास्त स्पष्ट हमी असावी, हे थोडं विचित्रच नाही का?

विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा कोयत्याचा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात भांडणं कशाने होतात? कोयत्याने, दगडाने, दांडक्याने. क्रॉसबोने कुणी कुणाला मारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. मग न घडलेल्या गोष्टीसाठी कायदा कशाला? मुद्दा मान्य आहे, आणि म्हणूनच बंदीची घाई मला पोरकट वाटते. पण कोयत्याला दुसरं आयुष्य आहे. तो ऊस तोडतो, नारळ सोलतो, कुंपण साफ करतो. भांडणातला वापर हा त्याच्या आयुष्यातला अपघात. शिवाय कोयता चालवणाऱ्याला समोरच्याच्या हातभर जवळ जावं लागतं, त्याचा चेहरा पाहावा लागतो, आणि तिथे अनेकांचा हात थांबतो. क्रॉसबोचं दुसरं आयुष्य कोणतं? निशाण्यावर बाण मारणं किंवा जिवावर मारणं, तिसरं नाही. पहिल्यासाठी मैदान आणि संचालक लागतो. गच्ची नव्हे.

दुसरा मुद्दा परंपरेचा. खंडेनवमीला आपण तलवार पुजतो. शेजारचा कानडी माणूस त्याच दिवशी आयुधपूजा करतो आणि विळा, नांगर, माग, लेथ, स्कूटर सगळ्यांना हळदकुंकू लागतं. नवरात्रात दुर्गामाता दौडीत पोरं पहाटे भगवे फेटे बांधून पळतात. आणि मग हमखास कोडगूचं उदाहरण निघतं: कोडवांना बंदूक परवान्याशिवाय ठेवता येते, 2019 साली ती सवलत 2029 पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये ती वैध ठरवली, मग आम्हालाच काय? उत्तर त्या उदाहरणातच आहे. कोडवांची सवलत मोघम नाही. कुणाला, कुठे, कोणत्या प्रकारची, किती, हे तिथे लिहिलेलं आहे. शिखांच्या कृपाणाचा उल्लेख तर थेट घटनेच्या पंचविसाव्या कलमात आहे. परंपरा टिकते ती अशी नेमकी लिहून घेतली की. आणि खरं सांगा, कारखान्यात साच्यातून निघालेला, दुर्बीण बसवलेला, प्लास्टिकच्या दस्त्याचा क्रॉसबो कुठल्या खंडेनवमीचा? केरळात मासे मारायला आणि ईशान्येत शिकारीला आडवं धनुष्य होतं, हे खरं. आपल्या मुलखात गोफण आहे, बेचकी आहे. मक्याच्या मळ्यात माचावर बसून गोफण फिरवणाऱ्या आजोबांच्या नावाने दीडशे पौंडांचं पार्सल सोडवून घेणं हा आजोबांवरच अन्याय.

तिसरा मुद्दा मी सहज बाजूला सारू शकत नाही, कारण तो माझ्याही मनात आहे. कायदा कुणावर चालतो? सीमाभागात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. फलक कोणत्या भाषेत असावा यावरून ज्याने लाठी पाहिली, काळ्या दिनाच्या फेरीला परवानगी कशी मिळते आणि कशी नाकारली जाते हे ज्याने पाहिलं, तो नव्या शस्त्रनियमाकडे संशयाने बघणारच. पण हा संशय नेमका कुणाच्या बाजूने बोलतो ते तपासा. 'प्राणघातक हत्यार' ह्या शब्दांत काय बसतं ते ठाण्यावरचा माणूस ठरवणार असेल, तर आज आपल्या पोराच्या हातातली लेझीमही बसू शकते आणि उद्या दुसऱ्याच्या हातातली तलवारही सुटू शकते. अधिकाऱ्याच्या मर्जीला जागा मिळते ती मोघम शब्दांत. खोक्यावर ताण छापलेला असेल, मर्यादा कायद्यात आकड्याने लिहिलेली असेल, तर चवाट गल्लीतला क्रॉसबो आणि सदाशिवनगरातला क्रॉसबो एकाच काट्यावर तोलावा लागेल. पक्षपाताची भीती असणाऱ्यांनी तर आकड्याची मागणी सगळ्यात आधी करायला हवी. आपण मात्र 'नियमच नको' म्हणतो आणि मर्जीचं राज्य आपल्याच हाताने चालू ठेवतो.

आता बंदीवाल्यांकडे वळू. इतिहासातली क्रॉसबोची सगळ्यात गाजलेली बंदी 1139 ची. दुसऱ्या लॅटरन परिषदेत पोप दुसरा इनोसंट याने ख्रिस्ती माणसांवर क्रॉसबो आणि धनुष्य चालवणाऱ्यांना बहिष्काराची धमकी दिली. झालं काय? युरोपातल्या फौजा क्रॉसबोवाले भाड्याने घेत राहिल्या आणि 1199 मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड फ्रान्समधल्या एका छोट्या किल्ल्यासमोर क्रॉसबोच्या बाणाने झालेल्या जखमेतच मेला. ज्या बंदीत अंमल करणाराच स्वतः गिऱ्हाईक असतो, तिचं असंच होतं. आपल्याकडे वेगळं काय होणार? बेळगाव जिल्ह्यात बंदी घातली तर शिनोळीला गेलं की महाराष्ट्र, कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की महाराष्ट्र. पार्सल चंदगडच्या पत्त्यावर मागवायचं आणि मोटारसायकलवरून आणायचं, इतकं सोपं. आणि पार्सलचीही गरज नाही. उद्यमबागेत एका ओळखीच्या फिटरला मी सहज विचारलं, तर त्याने कोपऱ्यात पडलेल्या जीपच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याकडे नुसतं बोट केलं आणि हसला. फौंड्री आणि लेथच्या गावात वस्तूवर बंदी घालणं म्हणजे पावसाला कुंपण घालणं.

मग इंग्लंडचं पाहा, कारण अलीकडे सगळ्यात जास्त चर्चा तिथे झाली. त्यांचा क्रॉसबोचा स्वतंत्र कायदा 1987 चा आहे. त्यात वयाची अट आहे, आधी सतरा होती, नंतर अठरा केली, आणि 1.4 किलोपेक्षा कमी ताणाचे खेळण्यातले क्रॉसबो वगळले आहेत. वय भरलं की संपलं. परवाना नाही, नोंद नाही. 25 डिसेंबर 2021 ला एकोणीस वर्षांचा एक तरुण भरलेला क्रॉसबो घेऊन विंडसर किल्ल्याच्या आवारात शिरला. जालियनवाला बागेचा सूड म्हणून राणीला मारायला आलो, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला 2023 मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली. जुलै 2024 मध्ये हर्टफर्डशरमध्ये एका घरातल्या तीन बायकांचा जीव गेला, चाकूने आणि क्रॉसबोने. दोन्हीकडे हल्लेखोर अठराच्या वरचे. नुसती वयाची अट पुरत नाही हे ह्यावरून दिसतं. कॅनडाने वेगळी वाट धरली: एका हाताने नेम धरून सोडता येणारा, किंवा 500 मिलिमीटर वा त्याहून आखूड क्रॉसबो तिथे निषिद्ध. कारण उघड आहे, तो कोटाखाली लपतो. वस्तूच्या कोणत्या गुणामुळे धोका होतो ते आधी शोधायचं आणि त्या गुणावर नियम लावायचा, ही रीत मला पटते.

आपल्याकडे ही रीत नवी नाही. 2016 च्या शस्त्र नियमांत एअर रायफल अशीच मोजली आहे: 20 ज्यूलपर्यंतचा जोर आणि 0.177 इंचांची नळी असेल तर परवाना नको, त्यापुढे हवा. पात्याचंही तसंच, नऊ इंच लांबी आणि दोन इंच रुंदी. मग क्रॉसबोला ज्यूलचा काटा लावायला काय हरकत? सव्वीस ग्रॅमचा बाण सेकंदाला शंभर मीटर वेगाने सोडणारा मोठा शिकारी क्रॉसबो घ्या. हिशेब 130 ज्यूलवर जातो, एअर रायफलच्या मर्यादेच्या सहापटींहून जास्त. इथे धनुर्विद्येचे शिक्षक हात वर करतील, आणि त्यांनी करायलाच हवा. वीस ग्रॅमचा बाण साठ मीटर वेगाने सोडणारं ऑलिम्पिक पद्धतीचं धनुष्यही 36 ज्यूल देतं. नुसता ज्यूल मोजला तर सत्तर मीटरवर सराव करणारी पोर गुन्हेगार आणि एखादा छोटा पिस्तूल क्रॉसबो मोकळा. म्हणूनच मी सुरुवातीला दोन गोष्टी म्हटल्या. दोरी माणूस धरतो की खटका, हा प्रश्न आधी विचारायचा. जोर त्यानंतर मोजायचा. पॅरिसच्या 2024 च्या पॅरालिंपिकमध्ये पायाने धनुष्य धरून पदक मिळवणारी शीतल देवी पहिल्याच चाळणीत बाहेर पडते. तिचं धनुष्य ताणून धरलेलं असतं ते तिच्या शरीराने. खटक्याचं आणि मर्यादेच्या वरचं जे उरेल त्याला अठरा वर्षं, ओळखपत्र पाहून विक्री, नेमबाजीच्या मान्य मैदानाचं सभासदत्व आणि ठाण्यात नोंद. रस्त्यावरून नेताना दोरी उतरवून, पिशवीत. एवढं पुरे. ह्यात तलवार नाही, विळा नाही, बेरडाचं धनुष्यही नाही.

राहिला खानापूरचा शेतकरी. जांबोटी, कणकुंबीकडे गव्याने भात तुडवला, डुकरांनी रताळी उकरली की माणूस रात्री माळ्यावर बसून काय करणार? बंदुकीचा परवाना मिळत नाही, फटाक्याला जनावर सरावतं. एकाने मला सरळ विचारलं, "आवाज न करणारं असलं काही मिळालं तर काय वाईट, सर?" त्याच्या रागापुढे मी गप्प बसलो, पण त्याचं उत्तर क्रॉसबो नाही. रानडुकराला बाण लागला तरी ते जागीच पडत नाही. जखमी होऊन झुडपात शिरतं आणि सकाळी सरपणाला गेलेल्या बाईवर उलटतं. शिवाय भीमगड अभयारण्य शेजारी, आणि गवा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. पिकाची नासधूस करणाऱ्या काही जनावरांसाठी कलम 11 खाली वरिष्ठ वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. ती वेळेवर मिळत नाही आणि भरपाई तर त्याहून उशिरा, ही त्याची खरी तक्रार आहे. भांडायचं असेल तर त्यासाठी रेंजरच्या ऑफिसासमोर बसू, मीही येईन.

टाकीचं भोक बुजवून झालं. पोराच्या वडिलांनी शहाणपणा केला, क्रॉसबो जमा करून टाकू म्हणाले, आणि साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं. ठाण्यातल्या हवालदाराने तो उलटापालटा करून पाहिला, चापावरून बोट फिरवलं, म्हणाला, "इदु बंदूक अल्ल, बिडरी." बंदूक नाही हे, जाऊ द्या. आम्ही हटलो नाही तेव्हा त्याने रजिस्टर ओढलं आणि पेन हातात धरून बराच वेळ रकाने बघत राहिला. वडिलांनी मदत म्हणून बिल पुढे केलं. हवालदाराने ते वाचलं, मान हलवली आणि कानडीत सुबक अक्षरात लिहिलं: आटिके सामानु, एक नग. खेळण्याची वस्तू. मग आम्हाला पोचपावती देऊन त्याने क्रॉसबो टेबलाखाली सरकवला, दोरी तशीच खटक्यात अडकलेली.